हिरकनचं उत्तर

रुपालीने वही उघडली, पेनाचं टोपण दातात धरलं आणि म्हणाली, "फुई, आखाजीन्या गाळ्या सांग ना वं. चांगल्या आठ-दहा लागतीन."

बेबाबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "भुलाई गयात बठ्ठ्या," ती म्हणाली, आणि भाकर तव्यावर अशी टाकली की तिची कड मोडली.

भुलाई गयात! ज्या बाईच्या तोंडाला सोनगीरच्या आसपासची चार गावं टरकून असायची, ती म्हणते सगळ्या विसरले. रुपालीला ते मुळीच पटलं नाही. आपली आत्या एकेकाळी उभ्या उभ्या यमकातल्या गाळ्या, म्हणजे शिव्या, जुळवून माणसाची चामडी सोलायची, हे तिने गावात शंभरदा ऐकलं होतं. तिने लाडीगोडी लावली, रुसून पाहिलं, शेवटी नाटकाची गोष्ट सांगितली.

नाटक होतं फ्रान्स देशातलं, साडेतीनशे वर्षांपूर्वीचं. सगळं पद्यात. एक हट्टी बाप आपल्या मुलीला एका म्हाताऱ्या, फुशारकी मारणाऱ्या श्रीमंताच्या गळ्यात बांधायला निघालेला असतो, आणि घरची मोलकरीण सगळ्यांना तोंडावर सुनावते. धुळ्यात देवपूरच्या कॉलेजात मराठी शिकवणारे नवीन सर ते बसवत होते. मालक मंडळींना त्यांनी पुस्तकी मराठी दिली होती आणि मोलकरणीला अहिराणी. मोलकरीण रुपाली. "तिच्या तोंडी खरीखुरी गाळ हवी," सर म्हणाले होते, "मी शहरातला माणूस, मला ती सुचायची नाही." एवढं तरी त्यांना कळत होतं. जळगावला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होती आणि तीन आठवडे उरले होते.

"माले काही येत नही," बेबाबाई पुन्हा म्हणाली. "परीक्षाना अभ्यास कर."

आता आखाजीच्या गाळ्या म्हणजे काय, ते सांगायला हवं. अक्षय्य तृतीयेला खानदेशात सासुरवाशिणी माहेरी येतात. त्यांना आणायला भाऊ जातो, बाप जातो, कुणी नाही तर चुलता जातो. त्या आणायला जाणाऱ्याला मुराळी म्हणतात. झोके बांधतात, गाणी म्हणतात. बेबाबाईच्या गावात आणखी एक खेळ होता. नाल्याच्या या काठाला गावच्या लेकी उभ्या राहायच्या, त्या काठाला माहेरी जाऊन आलेल्या नाहीतर जायच्या बेतात असलेल्या गावच्या सुना, आणि दोन्हीकडून गाण्यातून शिव्यांची लाखोली. नाव घेऊन, बोट दाखवून, यमकात. समोरून उत्तर आलं नाही की डाव गेला. माणसं बांधावर बसून ऐकायची आणि लोळून हसायची. नाल्यावर बोललेलं घरी न्यायचं नाही, हा एकच नियम, आणि तो पाळला जातो असं सगळेच धरून चालले होते.

अठरा वर्षांपूर्वीच्या आखाजीला बेबाबाई अमळनेरकडच्या आपल्या सासरहून चार दिवसांसाठी आली होती. भाऊ पुनाच्या घरी. पुनाची बायको हिरकन. हिरकनचं माहेर शिरपूरच्या वर डोंगराकडे. आई नव्हती, बाप दारूत, भाऊ सुरतेला गेला तो तिकडचाच झाला. लग्नाला चार वर्षं झाली, पण एकाही आखाजीला तिला न्यायला कुणी आलं नाही. हे गावाला माहीत होतं, म्हणजे बेबाबाईलाही माहीत होतं. डाव रंगात आला होता, सुनांनी लेकींना दोनदा गप्प केलं होतं, आणि बेबाबाईच्या जिभेवर ते आपसूक आलं:

*बठ्ठास्ना दारे मुराळी उना, जुपी उना गाडं,*
*हिरकनना दारे कुत्रं उनं, चाटी गयं हाडं!*

बांधावर नुसता हशा फुटला. म्हातारे हसले, पोरं हसली, समोरच्या काठावरच्या सुनासुद्धा पदर तोंडात कोंबून हसल्या. सगळ्यांनी हिरकनकडे पाहिलं. तिने दोनदा तोंड उघडलं. काही आलं नाही. डाव लेकींनी जिंकला.

संध्याकाळी पुरणपोळ्या लाटताना हिरकन म्हणाली होती, "गाडं नि हाडं. चांगलं जमाडं अक्का तुम्ही." एवढंच. चेहरा अगदी साधा. आणि भल्या पहाटे गोठ्यात कपाशीवर मारायच्या औषधाचा डबा रिकामा सापडला. तिची रुपाली तेव्हा अडीच वर्षांची होती.

चुकून प्यायली, असं पोलिसांना सांगितलं गेलं. का, हे कुणी कुणाला विचारलं नाही. कुणी पुनाच्या तापट स्वभावाचं नाव घेतलं, कुणी हिरकनच्या डोक्याचं. पोरीला सांगायचं ठरलं की आई काविळीने गेली, आणि गाव त्या शब्दाला जागलं. बेबाबाई मात्र परत सासरी गेलीच नाही. नवऱ्याने दोनदा बोलावणं पाठवलं, तिसऱ्यांदा दुसरी बायको आणली. प्रायश्चित्त वगैरे मोठे शब्द तिला ठाऊक नव्हते. पोरीला न्हाऊ घालायचं, तिची वेणी घालायची, तिला शिकवायचं, एवढं तिला कळत होतं. आता ती पोर तापात कण्हली तर "माय गं" म्हणताना बेबाबाईचा हात शोधायची. त्या पोरीच्या मनातून उतरायचं नाही, याखेरीज बेबाबाईला आयुष्याकडून काही नको होतं. त्या दिवसानंतर तिने एकही गाळ रचली नव्हती.

रुपाली हिरमुसली, पण हार मानणारी नव्हती. दुपारी ती वही घेऊन, जुन्या गाळ्या पाठ असलेल्या शेजारच्या प्रमिलाबाईकडे गेली आणि तासाभराने उड्या मारत परत आली. "सात भेटन्यात फुई! एकाहून एक शेतस!" बेबाबाईने त्या वाचून दाखव म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तिने म्हटलं नाही. ऐकायची तिची छातीच झाली नाही.

जळगावच्या आधी देवपूरला कॉलेजातच रंगीत तालीम झाली. रुपालीने फुईला हट्टाने बोलावून घेतलं, पहिल्या रांगेत बसवलं. घागरा नेसलेली, केसांत फुलं खोवलेली रुपाली कमरेवर हात ठेवून उभी राहिली तेव्हा बेबाबाईला भरून आलं. पोर बोलते कशी, वळते कशी! मग तो म्हातारा नवरदेव जगनशेट आपल्या नात्यागोत्याच्या बढाया मारू लागला, आणि रुपाली त्याच्याभोवती एक फेरी मारून म्हणाली:

*बठ्ठास्ना दारे वऱ्हाड उनं, जुपी उनं गाडं,*
*जगनशेटना दारे कुत्रं उनं, चाटी गयं हाडं!*

मुराळीच्या जागी वऱ्हाड, हिरकनच्या जागी जगनशेट. बाकी जसंच्या तसं. तालमीला जमलेली पोरं बाकं बडवून हसली. पुढचं नाटक बेबाबाईला दिसलंही नाही आणि ऐकूही आलं नाही.

गावी उतरली ती तडक प्रमिलाबाईच्या ओसरीवर. "ती कुत्रानी गाळ पोरले कसाले दिधी?"

प्रमिलाबाई शेंगा फोडत होती. "काबरं? चांगली शे. आमन्या नाती बी म्हनतस झोकावर."

"कोनावर व्हती ती, याद शे का तुले?"

"व्हई कोनावर तरी," प्रमिलाबाई म्हणाली. "इतल्या वरीसनं कोन ध्यानमा ठेवस वं बेबा?"

तिच्या डोळ्यांत खोटं नव्हतं. बेबाबाईला वाटलं होतं की बाई खवचट आहे, मुद्दाम केलं असेल. भांडायच्या तयारीने ती आली होती. पण प्रमिलाबाई खरोखरच विसरली होती. गाळ गावाने सांभाळली होती आणि बाई टाकून दिली होती. बेबाबाई उठली.

आता करायचं काय? सांगावं, तर पोर हातची जाते. न सांगावं, तर जळगावला शेकडो माणसांपुढे ती स्वतःच्या आईवरची गाळ म्हणणार, टाळ्या घेणार, आणि कधीतरी, कुठल्यातरी आखाजीला, कुणा म्हातारीला अचानक आठवणार. तेव्हा रुपाली विचारेल, फुई, तू तर समोर बसली होतीस. दोन्हीकडून आगच होती.

तिसरी वाट तिला सुचली ती तिच्या जुन्या हुन्नरातली. त्या गाळीच्या तोडीची दुसरी रचायची आणि ही काढून टाकायला लावायची. तीन दिवस ती शेतात, चुलीपाशी, नळावर पुटपुटत राहिली. पूर्वी तिला यमक शोधावं लागत नसे, माणूस समोर दिसला की तेच तोंडात यायचं. आता जगनशेट डोळ्यांपुढे आणला की तिथे हिरकन उभी राहायची, पिठाने भरलेले हात घेऊन. चौथ्या दिवशी जे काही जमलं ते घेऊन ती एसटीने देवपूरला गेली.

नवीन सर भला माणूस. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. बेबाबाईने म्हणून दाखवलं:

*जगनशेट उना नवरदेव व्हईसन, डोकावर टक्कल,*
*दारना पोरे इचारतस, कोठे ठेई अक्कल!*

टक्कल आणि अक्कल. शाळेतलं पोरसुद्धा जुळवतं. सर म्हणाले, "छान आहे मावशी," आणि त्यांनी त्या प्रवेशात ते म्हणून बघायला सांगितलं. रुपालीने जीव ओतून म्हटलं. कुणी हसलं नाही. जगनशेट झालेला स्वप्नील नावाचा मुलगा तेवढा उगीच खाकरला.

"मावशी, राग मानू नका," सर म्हणाले, "पण त्या कुत्र्याच्या गाळीला तोड नाही. ज्याने कुणी रचली ना, त्याला माणूस नेमका कुठे दुखतो ते कळत होतं."

बेबाबाईने चहा तसाच ठेवला.

स्पर्धेच्या दिवशी गावातून एक क्रूझर गाडी निघाली. प्रमिलाबाई, शेजारपाजारच्या पाच-सहा बायका, आणि पुढे ड्रायव्हरजवळ धुतलेला पांढरा शर्ट घालून पुना. हे बेबाबाईच्या हिशेबात नव्हतं. पुना कुठे जात-येत नसे, कुणाशी चार शब्द बोलत नसे. पण तालमींसाठी देवपूरलाच राहिलेल्या रुपालीने फोन करून सांगितलं होतं, आबा, तू नही उना तर मी बोलावच नही. आणि तो आला होता, केसांना तेल लावून. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, बायका गाणी म्हणत होत्या आणि बेबाबाई त्याच्या मानेकडे बघत बसली होती. त्याने ती गाळ पोरीच्या तोंडून ऐकायची? ते होऊ द्यायचं नाही, एवढं जळगाव येईपर्यंत तिने मनाशी ठरवलं.

रंगपटाच्या दाराशी तिला अडवलं, तरी ती आत घुसली. रुपाली आरशासमोर होती. एका डोळ्यात काजळ घालून झालं होतं, दुसरा कोरा.

"फुई? दहा मिनिटमा आमना नंबर शे."

"ती कुत्रानी गाळ बोलू नको."

"आखो तेच?" रुपाली हसली. "सरस्नी सांगं ना तुले."

"ती तुन्ही मायवर व्हती."

रुपालीच्या हातातली काजळाची कांडी तशीच राहिली. "कोन बोलनं?"

"मी."

मग बेबाबाईने सांगितलं. आजूबाजूला मुलं टोप चढवत होती, कुणी पिना मागत होतं, कुणी संवाद घोकत होतं. त्या गोंगाटात तिने नाला सांगितला, मुराळी सांगितला, डबा सांगितला. कावीळ नव्हती, हे सांगितलं. रडायला तिला वेळ नव्हता. रुपाली आरशाकडे तोंड करून ऐकत राहिली आणि सगळं संपल्यावर तिने विचारलं, "मंग मायनी काय उत्तर दिधं?"

"काहीच नही."

"आबा तठे व्हता?"

बेबाबाईला हा प्रश्न येईल असं वाटलं नव्हतं. "व्हता. बांधवर."

"हासना?"

इथे तिला खोटं बोलता आलं असतं. भावाला तरी वाचवता आलं असतं. पण अठरा वर्षांचं खोटं एकदा ओकून टाकल्यावर पुन्हा नवं गिळायला तिच्यात त्राण उरलं नव्हतं. "बठ्ठा हासनात," ती म्हणाली. "तो बी."

घंटा झाली. रुपालीने दुसऱ्या डोळ्यात काजळ घातलं आणि उठून गेली. तिने फुईकडे पाहिलंसुद्धा नाही.

बेबाबाई सभागृहाच्या मागच्या दाराशी उभी राहिली. तिसऱ्या रांगेत तिला पुनाचा पांढरा शर्ट दिसत होता. पोर आता ती गाळ वगळेल, तिने मनात धरलं. निदान माझी ती टक्कल-अक्कल तरी म्हणेल. नाटक नीट चाललं होतं. जगनशेट बढाया मारू लागला. रुपालीने फेरी मारली, थांबली, आणि थांबूनच राहिली. पडद्याआडून नवीन सरांनी हळूच शब्द सुचवला तो मागच्या दारापर्यंत ऐकू आला. मग रुपाली जगनशेटला सोडून पुढे आली, रंगमंचाच्या अगदी कडेला, आणि तिसऱ्या रांगेकडे पाहत तिने ती गाळ म्हटली. सावकाश. एकही शब्द न गाळता.

सभागृहात हशा कोसळला. लोक शिट्ट्या मारत होते, बाकांवर हात आपटत होते. आणि पुना हसत होता. मांडीवर थाप मारून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, शेजारच्या अनोळखी माणसाला कोपराने ढोसून आपली लेक दाखवत: मन्ही आंडेर शे, मन्ही! बेबाबाईला आयुष्यात पहिल्यांदा ते हसणं समोरच्या काठावरून ऐकू आलं. केवढं मोठं होतं ते!

नाटक संपल्यावर रुपाली कॉलेजच्या बसपाशी उभी होती. तोंड धुतलेलं, पण काजळ पुरतं गेलेलं नव्हतं. बेबाबाई तिच्याजवळ गेली.

"माहीत पडनं, तरी बोलनी तू?"

"मायले काय आयकू उनं व्हई, ते माले आयकनं व्हतं," रुपाली म्हणाली. "आयकं."

बेबाबाईने तिच्या दंडाला हात लावला. रुपालीने तो झटकला नाही, नुसती तशीच उभी राहिली, आणि ते झटकण्याहून वाईट होतं.

"आबा आज बी हासना," ती म्हणाली. "देखं ना तू? त्याले सांग आते. तूच सांग. गाडीमा, बठ्ठास्ना समोर. मी घर येवाव नही."

"कितला दिन?"

रुपाली बसमध्ये चढली. दाराशी वळून तिने पुन्हा विचारलं, "सांगशी ना?" बेबाबाईने मान डोलावली.

परतताना गाडीत नुसता कल्ला होता. पुनाने सगळ्यांना भजी खाऊ घातली होती, ड्रायव्हरलासुद्धा. पारोळा मागे पडलं, ऊन कलायला लागलं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशी पसरलेली. प्रमिलाबाईने पोरीची नक्कल करत ती गाळ पुन्हा म्हटली आणि बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. "बेबा, पोरनी जीभ तुन्हावर गयी वं!" प्रमिलाबाई म्हणाली.

"ती गाळ मी हिरकनवर बोलनू व्हती," बेबाबाई म्हणाली. "आखाजीले. दुसरा दिन ती मरनी."

तिचा आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. प्रमिलाबाईच्या तोंडावर हसू तसंच होतं, ते कुठे ठेवावं तिला कळत नव्हतं. "कोनती हिरकन वं?" तिने विचारलं.

मग पुढच्या सीटवरून, मागे न वळता, पुना म्हणाला, "मन्ही."

त्याने ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितली. उतरला आणि रस्त्याच्या कडेला कपाशीकडे तोंड करून उभा राहिला. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. शेवटी बेबाबाई उतरून त्याच्यापाशी गेली. आता तो मारेल, असं तिला वाटलं. मारावं, असंही वाटलं. तिने त्याच्या शर्टाची बाही धरली.

"तवय बी हासनू मी," पुना म्हणाला, "आनि आज बी हासनू, अक्का. पोर देखी ऱ्हायनी व्हती."

गाडीतल्या बायका खिडक्यांतून बघत होत्या. पुनाने बाही हळूच सोडवून घेतली, तुम्ही पुढे व्हा म्हणून हाताने खूण केली, आणि तो धुळ्याच्या दिशेने रस्त्याच्या कडेकडेने चालू लागला.